अमावस्येला बंद राहिलेला गोंगाट

बयाबाईचा पाय आज एका जागी ठरत नव्हता. अमावस्या होती. तिच्या घरी अमावस्येला भट्टी पेटत नाही, हातोडी वाजत नाही. हा सासऱ्यानं, आबांनी घातलेला नेम. उजाडताच तिनं कारखान्यातली सगळी बटणं खाली केली. त्यात नातीनं बसवलेली पेटीही आली. आणि आता साडेदहाला कोल्हापुरातनं त्याच नातीचा, पूर्णिमाचा फोन.

"आज्जी, आपली पेटी बंद का दिसतीय?"

"अमावस हाय बाई. तुला शिकवून काय उपयोग झाला?"



पेटी म्हणजे पत्र्याचा डबा नि कॅमेऱ्याचा एक डोळा. चांदीच्या पैंजणाचा जोड कुठं कच्चा राहिला ते डोळा हेरायचा. हुपरीच्या त्या गल्लीत पाच घरांत अशा पेट्या. फोटो ज्याच्या त्याच्या घरातच राहायचे. पेटी त्यावरनं जे शिकली तेवढंच रोज अकराला हवेतून कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या यंत्राकडं जायचं. तिथं पाचांचं शिकणं एकत्र होऊन सगळ्यांना परत मिळायचं.

पण दिवाळीत समोरच्या हाफिजाचा नमुना, तिचे पैंजण पुरे व्हायच्या आधीच, बाजारात लटकला. कुणीतरी वाटेत ऐकलं होतं. शिकलेल्यावरनं मागं मागं जात नमुना काढता येतो म्हणे. मग गेल्याच आठवड्यात पूर्णिमानं तोड काढली. हाफिजाचं शिकणं जाताना बयाबाईच्या पेटीनं गोंगाट करायचा, बयाबाईचं जाताना हाफिजाच्या. चोराच्या कानी नुसता कालवा. पेठेतल्या यंत्राला गोंगाट ठाऊक, ते तेवढा वजा करणार.

"म्हंजे माझी अब्रू हाफिजाच्या डब्यात?" बयाबाईनं तेव्हा विचारलं होतं.

"आणि तिची तुझ्या."

शुक्रवारी हाफिजाकडं काम बंद, हे पोरीनं विचारून टिपून ठेवलं होतं. स्वतःच्या घरचं मात्र विचारायचं राहिलं.

"मग आज अकराला हाफिजाचं उघडंच जाणार?" बयाबाईनं विचारलं.

"व्हय. आणि तिच्या पेटीत नवा नमुना हाय, आज्जी. मला इथनं थांबवता येत न्हाई. तू तिला पेटी बंद करायला सांग."

बयाबाई पदर खोचून गल्ली ओलांडून गेली. दाराला कुलूप. शेजारीण चिमणाबाई म्हणाली, हाफिजा लेकीकडं मलकापूरला गेली. फोन लावला तर लागेना. खिडकीतनं आत डब्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. नमुना दुसऱ्यांदा गेला तर व्यापारी हाफिजाच्या दारात पाऊल टाकणार नाही, हे बयाबाईला कुणी सांगायला नको होतं.

ती घरी परतली. बटणावर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. लेक विजयसिंह मागं उभा.

"आई, नेम मोडतीस? आबांनी बघितलं असतं तर?"

"आबांनी बघितलं असतं तर मला आधी शेजारणीकडं हाकललं असतं. सर बाजूला, खांबासारखा उभा राहू नको!"

बटण वर झालं. पेटी काही लगेच जागी होईना. बयाबाईनं तिला दोन शिव्या घातल्या, एक चापट मारली. घड्याळात अकरा वाजले, मग दिवा लागला.

"पहिली चार सेकंदं उघडी गेली," पूर्णिमानं कळवलं. "बाकी झाकलं. तेवढ्यात कुणी ऐकलं का, सांगता येत न्हाई. हाफिजाआज्जीला आत्ताच सांगू नको. कदाचित काही झालंबी नसंल."

"आणि झालं असंल तर? बाजारात बघून कळू दे व्हय तिला?"

दुपारी जेवणही गेलं नाही. बयाबाई उठून हाफिजाच्या पायरीवर जाऊन बसली. बसली कसली, दर मोटारीला उठून बघत होती. चारला हाफिजा पिशवी सावरत आली.

"बयाक्का? अमावसेला माझ्या दारात?"

बयाबाईनं तोंड उघडलं. दुसऱ्याची चूक असती तर एव्हाना गल्ली गोळा झाली असती.

"आधी दार उघड, पाणी पी," ती म्हणाली. "मग सकाळी काय झालं ते सांगते, नंतर मला काय बोलायचं ते बोल. आज मी उलटून बोलणार न्हाई."