उजेडबाबाचा बल्ब

निमगाव केतकीत धोंडाबाईंच्या ओसरीवर त्या दुपारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. वायर नाही, होल्डर नाही, आणि त्यांच्या सुनेच्या, राजनंदिनीच्या तळहातावर बल्ब लख्ख पेटला होता. "दिव्यातली बाई सुनेत शिरली," उजेडबाबा म्हणाले. गर्दीनं हात जोडले.

राजनंदिनीचा गुन्हा एवढाच, की सासरच्या जुन्या कौलारू घराला शोभतील म्हणून तिनं बारामतीच्या एका भंगारवाल्याकडून पितळी झुंबर आणि भिंतीवरचे दोन काचेचे दिवे हौसेनं निवडून आणले. ते टांगले त्याच आठवड्यात सासरे आबासाहेब मोरीत घसरून पडले. दिवे कुणा मेलेल्या बाईचे, असं बाबांनी ठरवून टाकलं; मेलेल्याचा जीव त्याच्या वस्तूत अडकतो, हे आपल्याकडं कुणीही छातीठोक सांगतं. मोरीतलं शेवाळ मात्र कुणाला दिसलं नाही.

बाबांनी हुकूम सोडला: अमावास्येपर्यंत सुनेनं उंबरा ओलांडायचा नाही आणि दिवे मठात जमा करायचे. सोमवारी तिला बारामतीच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू व्हायचं होतं. नवरा अविराज मान खाली घालून म्हणाला, ऱ्हाऊ दे की चार दिस. मागच्या खोलीची कडी बाहेरून त्यानंच लावली. राजनंदिनीला संतापानं रडू फुटलं. नोकरी हातची जाणार, आणि उद्या घरात मांजर मेलं तरी बोट आपल्याकडंच दाखवणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

कोंडल्या खोलीत ती पुन्हा पुन्हा तीच दुपार आठवत राहिली. बाबांनी बल्ब फक्त काचेकडून धरला होता. देण्याआधी तिचा हात तीर्थानं ओला केला होता. आणि बाधेच्या भीतीनं दुसऱ्या कुणी त्या बल्बला बोटही लावलं नव्हतं.

रविवारी बाबा उतारा काढायला आले, तेव्हा तिला ओसरीवर आणून बसवलं. सगळ्यांना तीर्थ वाटून झालं आणि त्यांनी बल्ब पुढं केला. तिनं तो झडप घालून घेतला आणि त्याचं बूड थेट सासूच्या ओल्या तळहातावर टेकवलं. लख्ख उजेड पडला.

धोंडाबाईंनी डोळे घट्ट मिटले. मग एक हळूच उघडला.

"मला बी लागलं व्हय? बघू, बाबा, तुमचा हात आणा हिकडं."

बाबा हात उपरण्यात लपवायला लागले. अविराजनंच तो ओढून बाहेर काढला. तिथंही बल्ब पेटला.

शेजारच्या छबूबाई पुढं वाकल्या. "अगं, आमच्या गोठ्यात हाय की असलाच. लाइट गेल्यावर चालतो त्यो."

या बल्बच्या पोटात चार्जिंगचा सेल असतो. बुडाचे दोन ठिपके ओल्या कातडीनं जोडले गेले की तो पेटतो, मग कातडी सुनेची असो, सासूची असो नाहीतर बाबाची.

सोमवारी राजनंदिनी मठात न गेलेल्या झुंबराखालून, सगळ्यांदेखत, कामावर गेली. धोंडाबाईंनी मागच्या खोलीची कडी उचकटून काढली.

बल्ब बाबानं पेटवला होता, पण कडी घरच्या माणसानं लावली होती. म्हणून मंडळी, पुढच्या वेळी हात जोडण्याआधी तोच हात पुढं करा आणि आधी स्वतःवर तपासून बघा.