प्रार्थनेचा विषय

दिवसभर शर्टांना काजं पाडून वहिनीचे हात भरून आले होते, पण त्याहून जीव थकला होता. शेजारच्या मशीनवर तिची नणंद कॉलर शिवायची. दोन दिवस झाले, नणंद तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती, ना कारखान्यात ना घरात. डबासुद्धा भिंतीकडे तोंड करून खायची.

झालं होतं असं. नणंदेच्या छातीत गाठ हाताला लागली. सोमवारी दवाखान्यात तपासणी, वहिनीने सोबत जायचं ठरलेलं. "वहिनी, फक्त तुलाच सांगतेय हं. आईला कळलं तर ती अंथरूण धरेल," असं तिने दहादा बजावलं. आणि ही शहाणी बुधवारी चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत डोळे मिटून म्हणाली, "नाव घेत नाही, पण माझ्या घरातल्या एकीच्या छातीत गाठ आहे, तिच्यासाठी प्रार्थना करा." अहो, घरात बायका तीन! एक ही स्वतः, एक सत्तरीची सासू. तिसरी कोण, हे कळायला काय पंडित लागतो? गुरुवारी धीर द्यायला सभेतल्या दोघी दारात हजर. सासूबाईंनी खरंच अंथरूण धरलं. आणि नणंद म्हणाली, "सोमवारी माझी मी जाईन."

चर्चच्या पाळकांच्या बायकोने समजूत घातली, "तुझा हेतू चांगला होता ना? मग झालं तर." पण ते काही वहिनीच्या गळी उतरेना. सकाळी गुडघे टेकले की "प्रभू, मी तिच्या भल्यासाठीच..." इथे जीभ अडायची. दर बुधवारी इतर बायका मोठमोठी संकटं मांडायच्या. हिच्याकडे आपली नवऱ्याची पाठदुखी. गाठीचं सांगितलं त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांचे डोळे पाणावले, कोणीतरी तिचा हात धरला, आणि तिला बरं वाटलं होतं. वीस वर्षं प्रभूच्या मागे चालून ही अक्कल! तिला स्वतःची लाज वाटली.

शनिवारी सुट्टीची घंटा झाली. नणंद मशीनवर कापड टाकत होती.

"माझं चुकलं गं."

नणंद न वळताच म्हणाली, "प्रार्थनेसाठी सांगितलंस ना? आई तेच म्हणत होती."

वहिनीने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण खोटं रेटायचं त्राणच उरलं नव्हतं.

"नाही. चार बायकांत मला भाव मिळावा म्हणून सांगितलं. तुझ्या दुखण्यावर."

नणंद तिच्याकडे बघतच राहिली. मग स्टुलावर बसली. बाकीच्या बायका पिशव्या घेऊन निघून गेल्या.

"सोमवारी आठला निघायचं," नणंद शेवटी म्हणाली. "मी तुला माफ केलेलं नाही हं अजून. पण एकटीने जायची भीती वाटतेय."

"चालेल," वहिनी म्हणाली.