खांद्याचं निमित्त

अक्काचा उजवा खांदा धरला, तेव्हा ती कोल्डस्टोरेजमधल्या नोकरीत इतकी मुरली होती की दुखणं आणि काम यांत तिला फरकच कळेनासा झाला होता. गोठवलेल्या मटारच्या पिशव्या पट्ट्यावरून उचलायच्या, खोक्यात रचायच्या, खोकं पुढे सरकवायचं. अंगात गुडघ्यापर्यंत जाड कोट, पायात रबरी बूट, हातात दुहेरी मोजे, आणि तरीही थंडी कुठून ना कुठून आत शिरायचीच. तिथल्या बायका म्हणायच्या, "पेन्शन मिळेपर्यंत आपणही मटारासारख्या टिकाऊ होऊ." अक्का सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसायची.

पण एक दिवस केस विंचरायला हात वर जाईना. डाव्या हाताने कसाबसा भांग पाडून ती कामावर गेली, आणि दुपारी तिच्या हातून अख्खं खोकं निसटलं. मुकादमाने सरळ डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

डॉक्टरीणबाईंनी हात फिरवून पाहिला, रक्तदाब मोजला, छाती तपासली. "इंजिन झकास आहे," त्या म्हणाल्या, "फक्त बिजागरी गंजलीय. व्यायाम दाखवते तो करा. आणि शेक घ्या. वाफेचं स्नान मिळालं तर उत्तम, स्नायू सैल पडतात. फक्त फार वेळ बसायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, आणि गरगरलं की हिरोगिरी न करता बाहेर यायचं."

घरी अक्काने हे सांगितलं, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. घर म्हणजे अक्का, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय. भावाचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं. आईवडील लवकर गेले, भावाला अक्कानेच लहानाचा मोठा केला, काम शिकायला पाठवलं, त्याचा संसार मांडून दिला. त्या गडबडीत तिचं स्वतःचं लग्न राहिलं ते राहूनच गेलं. भाऊ चारचौघांत सांगायचा, "अक्का म्हणजे माझी आईच." ऐकायला गोड वाटायचं. पण एकदा आई म्हटलं की सुट्टीच्या दिवशी चादरी, पडदे, दुकानातली फडकी, फरशी आणि भांडी हे सगळं ओघानेच तिच्याकडे यायचं. भावजय वाईट नव्हती. तीही दिवसभर दुकानात उभी राहून दमायची. अक्का करतेय म्हटल्यावर करू द्यायची, एवढंच.

"जा की," भाऊ म्हणाला. "खांदा महत्त्वाचा. तो बिघडला तर कसं चालायचं?"

बाजारामागच्या गल्लीत फक्त बायकांसाठी वाफेचं स्नानगृह होतं. दारावर भली मोठी पाटी होती. कांती उजळेल, चरबी वितळेल, शरीरातलं विष निघून जाईल, दहा वर्षांनी तरुण दिसाल. अक्का ती पाटी वाचत उभी राहिली, तेवढ्यात मालकीण बाहेर आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"पाटीवर जाऊ नका," ती म्हणाली. "ती आमच्या ह्यांनी लिहिलीय, आणि ते कधी आत आलेले नाहीत. चरबीबिरबी काही वितळत नाही. वजन उतरतं ते घामाचं, दोन पेले पाणी प्यायलात की परत हजर. पण अंग मोकळं होतं, कातडी मऊ पडते आणि झोप मेल्यासारखी लागते. एवढं मी छातीठोक सांगते."

आतली खोली लहानशी. भिंतींना फरशा, दोन पायऱ्यांसारखे लाकडी बाक, कोपऱ्यातल्या जाळीतून सूं सूं करत येणारी वाफ. मालकिणीने तिला खालच्या बाकावर बसवलं, कारण वर जास्त तापतं. अक्का टॉवेल गळ्यापर्यंत आवळून, गुडघे जुळवून बसली. आधी श्वास कोंडल्यासारखा झाला. मग नाक सुटलं. मग मानेवर घाम फुटला, पाठीवरून ओघळला, आणि वर्षानुवर्षं हाडांत घर करून बसलेली थंडी हळूहळू सामान आवरायला लागली. अक्काला वाटलं, आता रडू येणार. पण सगळं अंगच गळत होतं, त्यात डोळ्यांतलं वेगळं कुठे ओळखू येणार? तिने बिनधास्त रडून घेतलं.

बाहेर आल्यावर अक्काने आधी कोमट आणि मग गार पाणी अंगावर घेतलं की नाही ते मालकिणीने पाहिलं, तिच्या हातात पाण्याचा पेला दिला. हात चोळताना कोपरावरची काळपट मेलेली कातडी शेवयांसारखी सुटून आली. खाली कोवळी, गुलाबी कातडी होती. अक्काने आरशात पाहिलं. समोरची बाई लालबुंद, डोळे चकाकणारे, ओठ ओले. 'अरे,' तिच्या मनात आलं, 'ही कुठे होती इतके दिवस?'

तेव्हापासून सुट्टीचा दिवस वाफेचा झाला. व्यायामही ती नेमाने करायची. खांदा सैलावत गेला. पण अक्काचं लक्ष आता खांद्यावर राहिलं नव्हतं. टाचांच्या भेगा बुजल्या. थंडीने ताठरलेल्या गालांवर तुकतुकी आली. ती वाफेनंतर ओल्या अंगाला तेल लावायला लागली, केस मोकळे वाळवायला लागली. टॉवेल गळ्यावरून काखेपर्यंत आणि काखेवरून कमरेपर्यंत कधी घसरला, ते तिचं तिलाही कळलं नाही. आपल्याला इतकी वर्षं एक शरीर आहे, आणि आपण ते केवळ कामावर नेण्या-आणण्यापुरतं वापरलं, याचं तिला हसू यायचं आणि रागही यायचा. कामावरच्या बायकांनी विचारलं तर ती खुशाल गाल पुढे करायची. "हात लावून बघ. मटार नाही राहिला."

घरात आधी भावजयीच्या लक्षात आलं. "अक्का, चेहरा उजळलाय हो तुमचा," ती म्हणाली. त्यात कौतुक होतं आणि बारीकशी टाचणीही होती. त्या दिवशी चादरी तशाच भिजत पडल्या होत्या.

मग एका संध्याकाळी अक्काने माळ्यावरचा जड डबा दोन्ही हातांनी खाली काढला. जेवताना भावाने विषय काढला.

"खांदा बरा झाला ना आता?"

"अगदी. बघ." अक्काने हात गोल फिरवून दाखवला.

"मग पुरे झालं ते वाफबीफ. औषध काय जन्मभर घेतात?"

"मी खांद्यासाठी जात नाही."

"मग कशासाठी जातेस?"

अक्काने घास गिळला. "छान दिसायला."

भावजयीला ठसका लागला. भाऊ आधी हसला. मग अक्का हसत नाही हे पाहून त्याचं हसू मावळलं.

"या वयात? अगं, लोक काय म्हणतील? म्हातारचळ लागला म्हणतील. आणि दिसायचंय कुणाला?"

"मला. रोज सकाळी आरशात मीच असते ना?"

"खांदा दुखत होता तोवर मी काही बोललो?"

"तेच तर," अक्का म्हणाली. "दुखत असेल तर बाईने जावं. बरं वाटत असेल तर जाऊ नये. दुखण्यापायीच सुट्टी मिळणार असेल, तर मी मुद्दाम दुखणं काढू का?"

भाऊ ताटावरून उठला. अक्काने शांतपणे जेवण संपवलं, स्वतःचं ताट घासलं आणि भावाचं तसंच ठेवलं. असं त्या घरात कधी झालं नव्हतं.

पुढच्या सुट्टीला ती टॉवेल घेऊन स्नानगृहाशी पोचली, तर मालकीण दारातच आडवी आली. तिची नजर जमिनीवर होती.

"आज नको, अक्का. तुमचे भाऊ येऊन गेले. तुमच्या हृदयाला त्रास आहे म्हणे, आणि तुम्ही तो लपवता. आत काही झालं तर मी कुठे जाऊ?"

अक्काला दोन क्षण काही उमगलंच नाही. मग कानशिलं तापली. वाफेशिवायच तिला घाम फुटला. ती वळली आणि तडक बाजारात गेली.

दुकानात भाऊ एका म्हाताऱ्या बाईच्या नाकावर नवा चष्मा बसवत होता. भावजय काउंटरमागे काच पुसत होती. चारही भिंतींना आरसे, त्यामुळे आत शिरताच एका अक्काच्या सात-आठ अक्का झाल्या, आणि सगळ्याच संतापलेल्या.

"बाळ्या," ती म्हणाली. ही हाक भाऊ लहानपणानंतर पहिल्यांदाच ऐकत होता. "माझ्या हृदयाला काय झालंय?"

भावाच्या हातातली चष्म्याची काडी थांबली. "अक्का, घरी बोलू."

"खोटं तू घरी बोललास? बाजारातच बोललास ना? मग इथेच बोल."

"तुझ्या काळजीपोटी बोललो मी."

"कसली काळजी? डॉक्टरीणबाईंनी तपासलंय मला. हे तुला ठाऊक आहे."

म्हातारी गिऱ्हाईक आळीपाळीने दोघांकडे बघत होती. नवा चष्मा असल्यामुळे तिला सगळं स्वच्छ दिसत होतं आणि ती मुळीच उठणार नव्हती.

"लोक हसतात गं!" भाऊ शेवटी फुटला. "परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, तुमच्या बहिणीचं काही जमलंय का कुठे, भारी खुलल्यात. मी काय उत्तर देऊ? तू अशी नव्हतीस. सुट्टीला घरात असायचीस, आम्ही आलो की सगळं कसं जागच्या जागी असायचं. आता येतो तर घर उकिरडा झालेलं, आणि तू केस मोकळे सोडून खिडकीत बसलेली."

भाऊ स्वतःच आपल्या बोलण्याने चपापला.

"आलं का बाहेर?" अक्का म्हणाली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता. "माझं हृदय नाही दुखत, बाळ्या. तुझ्या चादरी दुखतायत. मी तुला वाढवलं, ते मला हवं होतं म्हणून. त्याचं मी कधी बोलून दाखवलं नाही, आजही दाखवत नाही. पण माझ्या अंगाचा मालक तू नाहीस. ते थंडीत मी नेते, तिथून मी परत आणते, आणि त्याला ऊब द्यायची की नाही, ते मीच ठरवणार. उद्या कुणी विचारलं ना, की बहीण कुणासाठी खुललीय, तर माझं नाव सांग."

"बरोबर आहे," म्हातारी म्हणाली. कुणी तिला विचारलं नव्हतं.

भावाने मदतीसाठी बायकोकडे पाहिलं. भावजयीने काच खाली ठेवली. "जाऊन या तुम्ही त्यांच्याबरोबर," ती नवऱ्याला म्हणाली. "खोटं तुम्ही सांगितलंय, माझ्याकडे काय बघता? दुकान मी बघते."

दोघं गल्लीतून गेली. अक्का पुढे, भाऊ दोन पावलं मागे. लहानपणी शाळा बुडवली की ती त्याला याच चालीने परत न्यायची, फक्त तेव्हा त्याचा कान तिच्या हातात असायचा. स्नानगृहाच्या दाराशी तो थांबला. पुरुषांना उंबऱ्याच्या आत मनाई होती. मालकीण बाहेर आली.

भावाने घसा खाकरला. "अक्काला हृदयाचा काही त्रास नाही. मी... खोटं सांगितलं."

"झालं तर मग," मालकीण सुटका झाल्यासारखी म्हणाली. "या अक्का, या आत."

पण अक्का जागची हलली नाही. "थांब जरा. तुझंही बाकी आहे. इतके दिवस मी तुझ्यासमोर उघडी बसले. माझी पाठ, माझे पाय तुला पाठ आहेत. आणि तो एकदा दारात येऊन काही बोलला, तर तू मला विचारलंही नाहीस? हृदय माझं ना?"

मालकिणीचा गोल चेहरा उतरला. ती काहीतरी सारवासारव करणार होती, पण तिने तो बेत सोडला. "चुकलं," ती म्हणाली. "तुम्हालाच विचारायला हवं होतं."

"हवंच होतं," अक्का म्हणाली आणि आत गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

त्या दिवशी ती वरच्या बाकावर बसली. टॉवेल खुंटीला अडकवून ठेवला होता. शेजारी एक तरुण मुलगी अंग चोरून, टॉवेल हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. ती पुन्हा पुन्हा अक्काच्या सैल पोटाकडे, ओघळलेल्या छातीकडे चोरून पाहत होती. अक्काने ते पाहिलं आणि पाठ ताठ करून, हात मागे टेकवून आणखीच ऐसपैस बसली. जीव तृप्त झाला तेव्हा उठली, पाणी प्यायली, गार पाण्याने न्हाली.

भाऊ बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत राहिला. अक्काने त्याची मनधरणी केली नाही. चादरींचा ढीग वाढत वाढत खुर्चीवरून जमिनीवर आला, आणि एका सुट्टीला ती परतली तर भाऊ बाह्या दुमडून मोरीत बसला होता. साबणाचा फेस ओसंडत होता, चादरीपेक्षा तोच जास्त भिजला होता. अक्काला हसू फुटलं. पुढे होऊन पिळायला हात लावावा, असं तिच्या हातांना वाटलं. सवय होती ती. तिने हात मागे बांधले.

"साबण कमी घाल," एवढंच म्हणाली.

मग ती खिडकीत जाऊन केस वाळवत बसली. खालून जाणाऱ्या शेजारणीने वर पाहिलं. "काय अक्का, अजून वाफ घेता? कशाला? काही दुखतंय का?"

"काही दुखत नाही," अक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सुंदर होतेय."