तिसरी खाच

मित्रांनो, मी एक घडीची कापडी खुर्ची. वयानं जुनी, रंगानं उडालेली आणि स्वभावानं, खरं सांगायचं तर, खुनशी. आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा गुणी असतात. त्या झिजतात, सोसतात आणि शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात. मीही तसं करून पाहिलं. जमलं नाही. का जमलं नाही, तेवढंच सांगायचं आहे. ऐकताना माझं कुठे चुकलं असं वाटलं तर वाटू द्या. मलाही अधूनमधून तसं वाटतं.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानातला. दोन लाकडी चौकटी, त्यांच्यामध्ये ताणलेलं हिरवं जाड कापड आणि मागे एक आडवा दांडा. खालच्या चौकटीला चार खाचा आहेत. दांडा पहिलीत अडकवला तर माणूस ताठ बसतो, चौथीत अडकवला तर त्याला आभाळ दिसतं. तिसरी खाच कोरताना सुताराला कुणीतरी हाक मारली, त्यानं मान वळवली आणि पटाशी घसरली. खाच उथळ राहिली. दांडा तिच्यात बसतो, पण टिकत नाही. बसणारा जरा जोरात हलला की दांडा निसटतो, चौकटी कात्रीसारख्या मिटतात आणि माणूस जमिनीवर येतो.

आजोबा दुकानात आले तेव्हा मी कोपऱ्यात भिंतीला टेकून होते. आजोबा पुस्तकं बांधण्याचं काम करत. पानांच्या कडांवरून फिरवावं तसं त्यांनी माझ्या खाचांवरून बोट फिरवलं आणि तिसरीपाशी थांबले.

सुतार ओशाळला. "ती जरा राहिलीय. दुसरी दाखवतो ना."

"नको," आजोबा म्हणाले. "हिची खोड मला कळली. दुसरीची कळायला वेळ लागेल."

मित्रांनो, इतकं चांगलं माझ्याबद्दल तोवर कुणी बोललं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

त्या घरात माझ्यासाठी एक नियमच झाला. उघडणाऱ्यानं दांडा अडकवायचा आणि मोठ्यानं ओरडायचं, "चौथी!" मग बाकीच्यांनी वाकून बघायचं आणि "चौथी!" असं परत ओरडायचं. त्यानंतरच बसायचं. पाहुण्यांना हसू यायचं. आजोबा त्यांना पोटभर हसू देत आणि मग ओरडायला लावत.

दर रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर जायचो. वीस मिनिटांची वाट, त्यात काही मोठं नाही. मुंगीचे बाबा मला खांद्यावर घेत. मुंगी म्हणजे आजोबांची नात. तिच्या आईकडे पाव आणि उकडलेली अंडी, आजोबांच्या हातात थर्मास आणि काखेत पुस्तक, मुंगीकडे संत्र्यांची पिशवी. आणि सगळ्यांच्या पुढे मॅनेजर.

मॅनेजर हा घरचा कुत्रा. तपकिरी, एक कान उभा, एक पडका. घरात कुणी काहीही करायला घेतलं की हा शेजारी बसून देखरेख करायचा, म्हणून आजोबांनी हे नाव ठेवलं. पिल्लू असताना त्यानं माझ्या कापडाचा कोपरा कुरतडून खाल्ला होता. आजोबांनी पुस्तकं शिवायच्या मेणाच्या दोऱ्यानं तिथे पट्ट्यापट्ट्यांचं ठिगळ लावलं. तेव्हापासून मॅनेजरनं मला आपली मानली.

मुंगीच्या पिशवीतून एक तरी संत्रं रस्त्यात पडायचंच. मॅनेजर ते तोंडात धरून आणायचा. सालीवर दातांच्या खुणा असायच्या.

"हे साहेबांची सही झालेलं," मुंगी म्हणायची. "हे बाबांचं."

"दर वेळी माझंच का गं?"

"तुमची बढती अडेल नाहीतर."

तळ्यावर आजोबा माझ्यावर बसत आणि मॅनेजर माझ्याखाली शिरे. त्याची पाठ माझ्या कापडाला टेकायची. वर आजोबांचं वजन, खाली त्याचा श्वास. आजोबा उठले की मगच तोही उठायचा, आधी कधी नाही. मला वाटतं, त्याहून अधिक काही मला आयुष्यात नको होतं.

मग मुंगीच्या बाबांचे थोरले भाऊ बदली होऊन आले आणि पुढच्या खोलीत राहू लागले. मुंगी त्यांना मोठे काका म्हणते. त्यांच्याकडे नवी गाडी होती.

"तळ्याकाठी काय ठेवलंय?" ते म्हणाले. "पाणी आणि डास. माणसानं जरा लांब जायला शिकावं."

पहिल्या रविवारी सगळे गाडीतून लांब गेले. मॅनेजरला गाडी लागली आणि मागच्या सीटवर तो ओकला. काकांनी रस्त्यातच आकांत मांडला.

"तो तीनदा विव्हळला," आजोबा एवढंच म्हणाले. "तू थांबवली नाहीस."

त्यानंतर मॅनेजर घरी राहू लागला. आजोबा गुडघ्यांचं निमित्त सांगून त्याच्याजवळ थांबू लागले आणि मी जिन्याखाली गेले, बांधणीसाठी आलेल्या फाटक्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारी. काका बुटांसकट माझ्यावर चढून दिवे बदलत. एकदा त्यांनी रंगाचा ओला डबा माझ्यावर ठेवला. त्याचा गोल डाग अजून आहे. हे सगळं मी सोसलं. इथवर मी इतर वस्तूंसारखीच गुणी होते, याची कृपा करून नोंद घ्या.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मुंगी शाळेत, तिचे बाबा कामावर, आणि तिची आई आजोबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलेली. काकांनी मला जिन्याखालून ओढून काढलं.

मॅनेजर उठून नाचायला लागला. मी निघाले म्हणजे रविवार, एवढंच त्याला ठाऊक. एरवी तो गाडीच्या जवळपासही जात नसे. पण काकांनी मला मागच्या डिकीत घातलं आणि तोही माझ्यामागे उडी मारून आत आला.

काका तळ्याला वळसा घालून, नाल्याचा पूल ओलांडून लाकडाच्या वखारीपाशी थांबले. आत यंत्रावर ओंडके कापले जात होते. तो आवाज आम्हा लाकडाच्या जातीला कसा लागतो, ते सांगून कळायचं नाही. काकांनी मला तिथे उघडलं. मॅनेजर नेहमीसारखा माझ्याखाली येऊन बसला. मग त्यांनी पावाचा तुकडा ओंडक्यांच्या राशीमागे भिरकावला. तो तिकडे गेला मात्र, काकांनी मला फटकन मिटलं, डिकीत कोंबलं आणि गाडी सुरू केली.

मी लांब असल्यामुळे डिकीचं झाकण अर्धंच लागलं होतं. मला सगळं दिसत होतं. तो मागे धावत होता. जीव खाऊन धावत होता. पुलापर्यंत दिसला, मग धूळच दिसली.

घरी आल्यावर काकांनी मला जिन्याखाली होते तशी ठेवली. रंगाचा डबासुद्धा त्याच गोल डागावर नीट बसवला. संध्याकाळी ते सगळ्यांना म्हणाले, "दार उघडं राहिलं वाटतं. येईल की, जातो कुठे?"

मला टाकलं असतं, फोडून चुलीत घातलं असतं, तर मी गप्प बसले असते. पण मला आमिष केलं. ज्या जिवानं माझ्यावर डोळे मिटून विश्वास टाकला त्याला फसवायला मलाच वापरलं, आणि मला तोंड नाही. त्या दिवशी माझ्यात काहीतरी वाकडं झालं.

मी काकांच्या बोटांचा विचार करू लागले. चौकटी मिटतात तेव्हा नेमकं कुठलं बोट कुठे सापडेल, कोणत्या पेरावर, किती वेळ. शेजारच्या पुस्तकांत सूड घेणाऱ्यांचं शेवटी बरं होत नाही म्हणतात. मला वाचता येत नाही, त्यामुळे मी धीर सोडला नाही.

आजोबा रोज संध्याकाळी गल्ल्यागल्ल्यांतून हाका मारत फिरत. मुंगीनं चिकटवायला चित्रं काढली. पहिल्या चित्रात तिनं दोन्ही कान उभे काढले होते. आजोबांनी एक खोडून पडका केला आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. आणि काका? काकांनी त्या चित्रांना स्वतःच्या हातानं डिंक लावून दिला. मित्रांनो, डिंक!

तिसरा रविवार उजाडला. आजोबा म्हणाले, "खुर्ची काढा. तळ्यावर उघडून ठेवू. तो तिला लांबून ओळखतो."

"बाबा, अहो, एकोणीस दिवस झाले," मुंगीच्या आईनं हळूच म्हटलं.

"म्हणूनच. माझी हाक ऐकून ऐकून कंटाळला असेल. हिची ऐकेल."

काकांची गाडी दुरुस्तीला होती, म्हणून तेही चालत आले. की त्यांना आत कुठेतरी टोचत होतं? असेलही. तेव्हा मी त्या विचाराला थारा दिला नाही.

तळ्यावर मुंगीच्या बाबांनी मला उघडलं. सगळे "चौथी" म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. बसलं कुणीच नाही. मुंगी आणि आजोबा हाका मारत काठाकाठानं गेले. काका जरा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "दमलो बुवा." आडवं होऊन चहा पिता येत नाही म्हणून त्यांनी दांडा उचलला, वाकून बघायचे कष्ट न घेता पुढच्या खाचेत टाकला आणि बसले.

तिसरी.

एका हातात चहाचा पेला. दुसऱ्या हाताची बोटं बरोबर तिथे, जिथे चौकटी मिळतात. मी दांडा नुसता जरा सैल सोडायचा अवकाश होता. पण मी घाई केली नाही. इतके दिवस वाट पाहिलेली गोष्ट घटकाभर चाखावी, एवढाच माझा लोभ. त्या लोभाचे आज मी आभार मानते.

कारण झुडपांतून मॅनेजर आला.

हाडं दिसत होती. पुढचा एक पाय तो टेकत नव्हता. वर कोण बसलंय हे त्यानं पाहिलंच नाही. त्याला फक्त मी दिसले. तो लंगडत आला, माझ्याखाली शिरला, पाठ माझ्या कापडाला टेकवली आणि एक लांब श्वास सोडून झोपला.

आता मी मिटले असते तर काकांची बोटं सापडली असती आणि काकांसकट सगळं वजन त्याच्या पाठीवर आलं असतं. मित्रांनो, मी दांडा धरला. त्या अर्धवट खाचेच्या काठानं जेवढा धरता येतो तेवढा. ज्याला पाडायचं त्यालाच उचलून धरायची वेळ माझ्यावर आली. याहून मोठी चेष्टा माझी कुणी केली नसेल.

मुंगी ओरडत धावत आली. मागून आजोबा. काकांच्या तोंडून निघून गेलं, "पार वखारीपासून? एवढ्या लांबून आला कसा हा?"

मुंगीच्या बाबांच्या हातातला पाव तसाच राहिला.

"कुठून?" आजोबांनी विचारलं.

काका उठायला गेले.

"बस!" आजोबांचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ते वाकून खाच बघत होते. "तिसरीत बसलायस. हललास तर खुर्ची मिटेल. खाली तो आहे."

"दादा, थांब, मी चौकट धरतो," मुंगीचे बाबा पुढे झाले.

"तू संत्री सोल," आजोबा म्हणाले. "तो झोपलाय. त्याची झोप होऊ दे."

आणि काका बसून राहिले. सावली सरकली, ऊन त्यांच्या तोंडावर आलं. चहा हातातच गार झाला. पायावर मुंग्या चढल्या, झटकायची सोय नव्हती. समोर चटईवर बाकीचे संत्री खात होते, आणि कुणी त्यांना फोड दिली नाही. तासभर झाला, मग आणखी तासभर. मला कळा येत होत्या, पण सुख होत होतं हे लपवत नाही.

मुंगी काकांच्या समोर येऊन बसली. "मोठे काका, तो तुमच्या मागे धावत आला होता का?"

काका तळ्याकडे बघत होते. "पुलापर्यंत," ते म्हणाले. "आरशात दिसत होता गं. मी थांबवली नाही गाडी."

खरं सांगते, त्या शब्दांनी माझा निम्मा राग उतरला. उरलेल्या निम्म्याचं काय करावं, ते मला सुचेना.

मॅनेजरची नेहमीची रीत वरचा माणूस उठल्यावर उठायची. त्या दिवशी त्यानं ती मोडली. तो आपणहून जागा झाला, बाहेर आला, वर कोण आहे ते पाहिलं आणि तोंड फिरवून मुंगीच्या मांडीवर डोकं ठेवलं. मुंगीनं सोललेलं संत्रं दिलं, तर नको म्हणाला. सालीसकट दिलं तेव्हा दात लावून परत केलं.

"आता ऊठ," आजोबा काकांना म्हणाले. "सावकाश. बोटं सांभाळ."

माझ्याखाली आता नुसतं गवत होतं. काका उठू लागले. मी दोन तास धरून ठेवलेलं सोडून दिलं.

फार नाही. दोन बोटं, आठ दिवस निळी. आणि चहा सगळा अंगावर. पुष्कळदा वाटतं, इतकं करायला नको होतं. पण परत तशी वेळ आली तर मी काय करीन याची मला खात्री देता येत नाही.

सुतार मध्ये येऊन गेला. "खाच नीट करून देऊ का?" म्हणाला. आजोबांनी मान हलवली. "राहू दे. घरात एक जण तरी लक्षात ठेवणारं हवं."

तेव्हा मित्रांनो, जिन्याखाली, माळ्यावर, दाराआड पडलेल्या वस्तू पुसून ठेवत जा. दारातल्या जनावराला फसवू नका. आम्हाला बोलता येत नाही याचा अर्थ आम्ही बघत नाही असा नाही. आणि बसण्यापूर्वी वाकून बघा. वाकायला फारसे कष्ट पडत नाहीत.

आम्ही पुन्हा दर रविवारी तळ्यावर जातो. मॅनेजर थोडा लंगडतो, म्हणून वीस मिनिटांच्या वाटेला तीस लागतात. काकाही येतात, चालत. ते खाली चटईवर बसतात, माझ्यापासून हातभर लांब. साहेबांची सही झालेलं संत्रं हल्ली त्यांना मिळतं, आणि ते मुकाट्यानं खातात.

आजोबा मला उघडतात, दांडा अडकवतात. तेव्हा सगळ्यात आधी गुडघे टेकून, गाल गवताला लावून खाच बघणारे काका असतात. आणि "चौथी!" म्हणून सगळ्यात मोठ्यानं तेच ओरडतात.