पाच दिवसांचं फूल

तात्याराव खांद्यावरची पिशवी न उतरवताच कुंडीवर वाकले आणि त्यांनी खिशातलं भिंग काढलं. मधला, फुलासारखा दिसणारा पानांचा झुपका जागेवर नव्हता. देठ बुडापासून खुडला होता, आणि तोही नखानं. जखम वाळून तिच्यावर खपली धरली होती. म्हणजे चार-पाच दिवस झाले असणार. शेजारच्या पानांवरची पांढरी भुकटी दोन बोटांपुरती पुसली गेली होती. ग्राप्टोपेटॅलमच्या पानाला हात लावला की भुकटी जाते, ती परत येत नाही, हे त्यांनी या घरात इतक्यांदा सांगितलं होतं की भिंतींना पाठ झालं असेल. माणसांना नव्हतं झालं.

तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्यांनी एकच निष्कर्ष काढला होता: माणसाला डोळे दिलेले असतात, पण वापरायचे नसतात.

चोर शोधायला भिंग लागणार नव्हतं. कसबा पेठेतल्या या गच्चीवर दोनच माणसं येत. त्यांतलं एक, म्हणजे ते स्वतः, पाच दिवस विश्रांतवाडीला बहिणीकडे होते. उरली बायको, हेमा. आणि हेमा आत्ता कुठे असणार? दत्तजयंतीचा सप्ताह, संध्याकाळचे सहा. कीर्तनात.

रविवारी गच्चीवरच्या बागांचं प्रदर्शन होतं. तीन वर्षं त्यांना दुसरं बक्षीस मिळत होतं. पहिलं ज्याला मिळे, त्याला तात्यारावांच्या मते निवडुंग आणि वांगं यांतला फरक कळत नव्हता. यंदा या कुंडीवर त्यांनी सहा वर्षं घातली होती. ते तसेच जिना उतरले.

देवळाच्या दाराशी फुलवाली वेणूबाई बसली होती.

"सर, तुम्ही? देवळात?" ती उठूनच उभी राहिली. "बघाच आत जाऊन. तुमच्या बाईंनी वाहिलेलं फूल पाच दिवस झाले, सुकत नाही. चाळीस वर्षं फुलं विकतेय, असलं नाही पाहिलं."

"चाळीस वर्षं," तात्याराव चप्पल काढत म्हणाले, "वाया गेली म्हणायची."

आत आख्यान संपत आलं होतं. कीर्तनकार पूर्णिमाताईंचा आवाज मोठा नव्हता, पण त्या ओळीच्या टोकाला थांबल्या की झांजा थांबत, पेटी थांबे, आणि सगळं देऊळ श्वास धरून बसे. तात्याराव मात्र खांबाशी बस चुकल्यासारखे घड्याळ पाहत उभे होते. समोर पादुकांवर त्यांचा झुपका होता. त्यावर कुंकू वाहिलेलं. भुकटीवर कुंकू! एरवी शिळं फूल दुसऱ्या सकाळी काढतात. पण हे ताजं दिसलं म्हणून गुरवांनी त्याला कमळ ठरवलं होतं. कमळ पाच दिवस शिळं होत नाही, असं शास्त्र. त्या शास्त्राच्या जोरावर हेमा पाच दिवस बायकांच्या पहिल्या ओळीत बसत होती. नाहीतर तिची जागा चपलांजवळची.

आरती झाली. तात्याराव पुढे आले.

"हे फूल नाही," ते वर्गात बोलावं तसं बोलले. "पानं आहेत. पानफुटीच्या कुळातलं रोप, मेक्सिकोत दगडांत उगवतं. पानात पाणी साठवतं म्हणून सुकत नाही. यात दत्ताचा काही संबंध नाही. शिवाय माल चोरीचा आहे. माझ्या गच्चीवरचा."

गुरव समई नीट करू लागले. पहिल्या ओळीतल्या बायका हेमाकडे वळल्या, आणि शेजारची किंचित सरकून बसली.

हेमा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठली.

"पानं आहेत, ठाऊक आहे मला. पानं म्हणूनच वाहिली. कमळ गुरवकाका म्हणाले, मी नाही." तिचा आवाज नेहमीइतकाच हळू होता. "तुळस तरी काय असते हो? बेल काय असतो?"

मागून कोणीतरी खुदकन हसलं.

"आणि चोरी म्हणाल, तर अडतीस वर्षं एकेक फूल मागून बघितलं. दोनशे कुंड्या आहेत."

पूर्णिमाताईंनी झुपका पादुकांवरून उचलला. "सर, उगवतं म्हणालात. म्हणजे हे जिवंत आहे?"

"अर्थात."

"मग हे निर्माल्यात कसं टाकायचं? घ्या. प्रसाद."

त्यांनी तात्यारावांच्या कपाळाला बुक्का लावला. प्रसाद एका हातात घेता येत नाही. तात्यारावांना ओंजळ करावी लागली. झुपका ओंजळीत कलंडला आणि त्याचा देठ वर आला. देठाच्या टोकाला तीन गुलाबी मुळं फुटली होती, केसाएवढी. माती नाही, पाणी नाही. चांदीच्या पादुकांवर. ही मुळं त्यांनी तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढली होती. भिंग आणायला हवं होतं. ते गच्चीवरच राहिलं होतं.

दोघं घरी आले. हेमानं शाल घडी करून ठेवली आणि आता बोलणी सुरू होतील म्हणून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तात्याराव गच्चीवर गेले. एका लहान कुंडीत वाळू भरून त्यांनी झुपका टेकवला. मग जुन्या कुंडीजवळ बसले. खुडलेल्या देठाच्या खपलीखाली दोन हिरवे ठिपके वर येत होते. रविवारपर्यंत त्यांचं काही होणार नव्हतं.

खाली आल्यावर ते हात धूत म्हणाले, "तोडायचंच, तर बोटभर देठ ठेवून तोडावं. कात्रीनं. नखानं काय खुडायचं? मेथी आहे का ती?"

"बरं," हेमा म्हणाली.

कपाळावरचा बुक्का त्यांनी पुसला नव्हता; लक्षात राहिला नसावा.

सकाळी ती तुळशीला पाणी घालायला गच्चीवर गेली. सप्ताहाचे दोन दिवस बाकी होते. तात्यारावांची कात्री, जिला हात लावायची घरात कोणाला मुभा नव्हती, वरच्या खिळ्यावर नव्हती. कुंड्यांच्या शेजारी कठड्यावर ठेवलेली होती. पाती पुसून, मूठ तुळशीच्या बाजूला करून.