पाटी आणि मधलं दार

मी जाळी बोलतेय. नाक मुरडू नका. ओसाकातल्या एका गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला बांधलेली कचऱ्यावरची निळी जाळी. कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून माझा जन्म. एका वादळात मी तीन कावळे, एक छत्री आणि पोस्टमनची टोपी एका झटक्यात पकडली होती. टोपी परत केली. छत्रीचं विचारू नका.

माझ्या जोडीला एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर 'सफाईची पाळी' एवढंच लिहिलंय. ती ज्याच्या दाराला लटकेल त्याने आठवडाभर, कचऱ्याची गाडी गेली की जागा झाडायची, मला धुऊन घडी घालायची आणि रविवारी पाटी शेजारच्या दाराला अडकवायची. कुरकुर सगळेच करतात. पण पाटी लागली म्हणजे माणूस गल्लीतला झाला.

थोआ आली व्हिएतनामच्या किनाऱ्यावरून, इथल्या वृद्धाश्रमात कामाला, आणि गल्लीतल्या मधल्या खोलीत राहू लागली. पहिल्याच दिवशी, इथल्या रीतीप्रमाणे, दोन्ही शेजाऱ्यांच्या दारात टॉवेलची भेट घेऊन वाकून आली. पण झाकणं वेगळी टाकायचा इथला नियम तिला ठाऊक नव्हता; पहिल्याच आठवड्यात तिने बाटल्या झाकणासकट टाकल्या. गाडीवाल्यांनी पिशवीला लाल चिठ्ठी डकवली आणि ती तिथेच सोडून गेले. नापास झालेलं पोर घरी न्यावं तशी पोरीने ती पिशवी पोटाशी धरून नेली. पुढे इतकी तयार झाली की बाटलीवरचा कागदसुद्धा सोलून टाकू लागली.

तरी पाटी तिच्या दारावर थांबेना. डावीकडच्या कुसाका काकूंकडून उडी मारून ती थेट उजवीकडे जायची. काकूंच्या पिशवीत सदा गोड गोळ्या, दिसेल त्याच्या हातावर ठेवायच्या. पण शिस्तीच्या बाबतीत गल्लीला त्यांचा धाक. त्या म्हणायच्या, "त्या खोलीतली माणसं आज आहेत, उद्या नाहीत. तिला कशाला त्रास?" थोआला आधी ही मेहेरबानी वाटली. मग उमगलं. आईला फोनवर काहीतरी बोलली आणि डोळे पुसत माझ्यासमोरून गेली. खोली सोडायचं तिच्या मनात घोळतंय, हे मला कळलं.

एका सकाळी काकू घाईत होत्या. पिशवी ठेवली, पण माझी कड दाबलीच नाही. मी केवढ्याने ओरडले, पण जाळीचं ऐकतो कोण? कावळा आला, मला भोक पाडलं, पिशवी फाडली. रस्ताभर पसरले मोचीचे, म्हणजे तांदळाच्या गोड लाडवांचे, कागद. डॉक्टरांनी साखर बंद केलेल्या काकूंचे!

थोआ कामाला निघाली होती. तिने एकेक कागद वेचला, वर्तमानपत्रात गुंडाळला, नव्या पिशवीत भरला, माझी कड दाबली. मान वर केली तर काकू झाडू घेऊन उभ्या.

"पाहिलंस?"

"कावळा काय काय खातो ते मला काय माहीत, काकू."

काकू गालात हसल्या. "बोल, काय हवं तुला?"

"पाटी."

"अगं, ती चुकवायला इथे लोक आजारी पडतात."

"मी ठणठणीत आहे."

काकूंनी झाडू भिंतीला टेकवला. मग एक गोळी तिच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "उपकार समजू नकोस. माझी कंबर दुखते."

रविवारी पाटी मधल्या दारावर थांबली. थोआने ती फडक्याने पुसली आणि तिच्याशेजारी उभी राहून आईसाठी फोटो काढला. माझं भोकही तिनेच बांधलं, बापाकडून शिकलेल्या मासेमारीच्या जाळ्याच्या गाठीने. तेव्हापासून मी खानदानी जाळी आहे, असं मी कावळ्यांना सांगते.

आता माझा रंग उडालाय, दोन कोपरे विरलेत. गेल्या महिन्यात उजवीकडच्या घरात नेपाळहून एक जोडपं आलं. थोआची पाळी संपत होती. ती पाटी घेऊन त्यांच्या दाराकडे निघाली, तशी काकूंनी खिडकीतून हाक मारली, "अगं, नवीन आहेत ते. राहू दे."

"म्हणूनच, काकू," थोआ म्हणाली आणि पाटी अडकवली.

माझी तुम्हाला एकच विनंती. पिशवी ठेवलीत की माझी कड तेवढी दाबत जा. बाकी गल्लीचं थोआ बघून घेईल.