लक्ष्मीबाईचे पाच गुडघे

"आजी, तुमचे पाच गुडघे बदलून झालेत. सहावा मंजूर होत नाही," नांदेडच्या दवाखान्यातली कम्प्युटरवाली सृष्टी म्हणली.

"अगं बये, मी काय गोम हाय?" मी म्हणलं. "लातूरला एक उजवा केला. डावा उद्या हितं करायचाय. आठ महिने नंबर लावून बसले!"

माझा आवाज चढला. चढणारच की! तिनं समजावलं. सांधे बदललेल्या लोकांची नावं लातूरनं दोन वर्षांखाली कम्प्युटरात घातली, आता ती नांदेडला जोडली. नाव, गाव, जन्मतारीख जुळली की माणूस एकच, नवऱ्याचं नाव बघतच न्हाईत. आमच्या किल्लारीत भूकंपानंतर कागदं नव्यानं झाली, तवा गुरुजीनं समद्या बायांना एकच तारीख ठोकून दिली, एक जून. अन् लक्ष्मीबाई तर गल्लीला एक. ईश्वरप्पाच्या लक्ष्मीचे दोन, रामलिंगच्या लक्ष्मीचे दोन, माझा एक. झाले पाच!

"मग वेगळं कर."

"तिघींना समोर आणा. टाक्यांचे वण बघून करते."

जीप करून दोघींना बोलावलं. तिघी बाकावर लुगडी वर करून बसलो, सृष्टी वण मोजाय लागली.

"जनगणना हाय का गं ही?" रामलिंगची म्हणली. आम्ही लई हसलो. ईश्वरप्पाची हसली न्हाई. तिचा उजवा गुडघा सुजून टम्म झालता.

सृष्टीनं वाचलं, "उजवा गुडघा. दोन वर्षं दुखणं शून्य. रुग्णानं फोनवर सांगितलंय."

फोन! गुडघा दुखतो का म्हणून लातूरहून दर सा महिन्याला यायचा अन् मी झोकात सांगायची, "लई ब्येस हाय, बाई!" माणूस एक, म्हणून फोनबी एकच, माझा. ईश्वरप्पाची लातूरला रडत गेली की ते कम्प्युटर बघायचे अन् मनाचं दुखणं म्हणून परत लावायचे. मीबी गावात हिला नाटकी म्हणलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरनं गुडघा हलवून बघितला. सांधा ढिल्ला झालाय, पुन्हा उघडावा लागंल, पण नंबर चार महिन्यांनी, म्हणले. ईश्वरप्पाचीनं नुसतं लुगडं खाली केलं.

माझा डावा पाय ठणकत होता. देवाचा राग आला, कम्प्युटरचा आला, माझा तर लईच.

"सृष्टी, उद्याचं नाव खोडू नको," मी म्हणलं. "लक्ष्मीबाई, किल्लारी, एक जून. समदं बरोबर हाय. फकस्त डावा खोड अन् उजवा लिव्ह."